आईच्या गुलाबावर विषप्रयोग

नाशिकमध्ये गुप्तहेर पुष्कळ असतील, पण डाळीला फोडणी देता देता गुन्हेगार ओळखणारी मी एकटीच. वय पंचाहत्तर, नजर घारीची (मोतीबिंदू काढल्यापासून), आणि नाक असं, की गंगापूर रोडवर कुणाचंही दूध करपलं तरी मला आधी कळतं. सहाय्यक एकच, आमचे हे. पगार नाही, रजाही नाही.

यंदाचं प्रकरण घरचंच निघालं. देवळाली कॅम्पातल्या माहेरच्या गुलाबाची फांदी मी लग्नानंतर इथे लावली होती. पुढे आई गेली, घर गेलं. उरलं ते एवढं झाड. आई त्याला तांदळाचं धुवण घालायची आणि अधूनमधून शिव्या. तेवढ्यावर ते बहरायचं! आता मात्र पानांच्या कडा करपलेल्या आणि कळी एकही नाही.

"विषप्रयोग!" मी जाहीर केलं.

"बुरशी असेल," हे म्हणाले.

"सहाय्यकांनी मत द्यायचं नसतं."

बुंध्याशी पांढरे दाणे सापडले. जहर! शेजारच्या महेशचे गुलाब टपोरे, शिवाय गणपतीत माझ्या मोदकांना तो नुसतं 'बरे आहेत' म्हणाला होता. त्याला कुंपणावरूनच गाठलं.

"खरं सांग, तुझ्या गुलाबांना काय घालतोस?"

"काही नाही हो काकू. कंटाळा येतो."

उत्तर टाळतोय, मी ताडलं. मग काळी भुकटी सापडली. म्हणजे मारेकरी मिशरी लावतो! त्यात चिखलात तीन वेगवेगळ्या चपलांचे ठसे. टोळीच ही!

पण टोळी पकडण्याआधी जेवणं उरकायची होती. नाशिक रोडहून माझ्या नणंदबाई, आक्काबाई, आल्या होत्या. मी त्यांना तिसरी पुरणपोळी वाढली, सूनबाई निकितानं तुपाची धार धरली, ह्यांनी हळूच चौथी सरकवली.

आक्काबाईंनी ताटावर दोन्ही हात आडवे धरले. "अगं नवसा, जीव घेशील! त्या गुलाबालाही असंच वाढता का गं सगळे?"

निकितानं तुपाचं भांडं खाली ठेवलं.

"मी फक्त युरिया," निकिता पुटपुटली. "दर रविवारी."

"मी चहाचा चोथा. रोज," हे म्हणाले. "उपाशी दिसायचं बिचारं."

तिसरी चप्पल माझी निघाली. शेणखत, राख, केळीची सालं... पण प्रेमानं हो!

"मुळं भाजली असतील त्याची," आक्काबाई म्हणाल्या. "भरपूर पाण्यानं खत धुऊन काढा आणि उपास घडवा. पुढेही कधीमधी मूठभर शेणखत पुरे."

दिवाळीच्या तोंडावर पहिली कळी उमलली. आईची तीच फिकी गुलाबी! मला इतकं भरून आलं, की हात आपोआप खताच्या घमेल्याकडे गेला.

मागून आमचे सहाय्यक गरजले, "नवसा, हात वर!"