आपुलकीचा तास, साडेचार ते साडेपाच

विवाहसंस्था प्रेम, विश्वास आणि तडजोड यांवर उभी आहे, असं पूर्वी मानलं जाई. आमच्या मिनेसोटात तरी ती आता बर्चच्या लाकडाच्या चार इंची चकत्यांवर उभी आहे, आणि पूर्वीपेक्षा पुष्कळच स्थिर आहे.

हे मी अधिकाराने सांगतो. माझी भाची ब्रिटा हिच्या लग्नात कॉकटेलच्या तासाचं सगळं नियोजन माझ्याकडे होतं. वधूच्या मामाला आमच्याकडे दुसरं काही काम नसतं, आणि ब्रिटाची आई, म्हणजे माझी थोरली बहीण मार्लिस, हिच्या मते मला समारंभात मोकळं सोडणं धोक्याचं आहे. (मागच्या लग्नात मी भाषण केलं होतं.)

कॉकटेलचा तास म्हणजे लग्न लागल्यानंतरचा आणि जेवणाआधीचा तो तास, ज्यात वधूवर तळ्याकाठी फोटो काढून घेत असतात आणि पाहुणे त्यांच्या गैरहजेरीत त्यांच्या लग्नाचा आनंद लुटत असतात. ज्यांच्यासाठी सगळे जमले ते दोघंच तिथे नसतात, एवढी एक त्रुटी सोडली तर हा तास निर्दोष आहे. ही त्रुटी भरून काढण्यासाठी ‘हाताने केलेला वैयक्तिक स्पर्श’ ही योजना निघाली. तत्त्व साधं आहे. माणूस जितका गैरहजर, तितक्या त्याच्या हातच्या वस्तू जास्त हजर हव्यात. पुरेशा वस्तू मांडल्या, की माणसाची उणीव भासत नाही, आणि आणखी थोड्या मांडल्या की त्याची अडचणच व्हायला लागते.

यासाठी तिघांची हस्तकला समिती नेमण्यात आली. अध्यक्ष मार्लिस, कार्यवाह मी, आणि सदस्य म्हणून समोरच्या घरातली व्हर्ना. व्हर्नाकडे गरम गोंदाची बंदूक होती, त्यामुळे तिची निवड बिनविरोध झाली.

समितीने अकरा महिने काम केलं. या काळात एकूण चौदा वैयक्तिक स्पर्श तयार झाले. पाहुण्यांच्या ग्लासांखाली ठेवायला बर्चच्या चकत्या, प्रत्येकीवर पाहुण्याचं नाव डागून. (चकती कापल्यावर सहा आठवडे सावलीत वाळवावी. घाई केल्यास मधोमध तडा जातो आणि पाहुण्याचं नाव दुभंगतं.) वधूवरांविषयी रंजक माहिती छापलेले कागदी रुमाल, उदाहरणार्थ ‘कोल्बीला ऑलिव्ह आवडत नाहीत’. तीन खास पेयं: एक वधूच्या नावाचं, एक वराच्या नावाचं आणि एक वॉफल या त्यांच्या कुत्र्याच्या नावाचं. त्यांपैकी सर्वांत जास्त वॉफल संपलं. शिवाय नऊ पाट्या, ज्यांतल्या चार बाकीच्या पाच कुठे आहेत ते सांगत होत्या. पाट्यांवरचं अक्षर ब्रिटाच्या हातचं असावं असं ठरलं होतं, पण ब्रिटाचं खरं अक्षर वाचता येत नाही. म्हणून ब्रिटाच्या हातचं वाटेल असं संगणकातलं अक्षर विकत आणलं आणि व्हर्नाने ते गिरवलं.

वधूचा हात प्रत्यक्ष लागलेल्या वस्तू: एक. (फुलांची बरणी तिरकी होती, ती तिने सरळ केली.)

आता आठवणींच्या टेबलाविषयी. जी माणसं आज हयात नाहीत, त्यांचे फोटो एका टेबलावर मेणबत्ती लावून मांडायचे, ही आमच्याकडची चांगली प्रथा आहे. समितीने अभ्यासाअंती ठरवलं, की चौकटींची संख्या विषम असावी आणि मधली सर्वांत उंच असावी, नाहीतर टेबल दुकानासारखं दिसतं. दोन्ही घराण्यांत मिळून गेलेली माणसं सहा भरली. सातवं कुणी तयार नव्हतं. मी जुने अल्बम उलटेपालटे केले आणि मला आमच्या वडिलांचा, ऑर्व्हिल यांचा, १९६१ सालचा फोटो सापडला. बाह्या दुमडलेल्या, शाळेच्या पिवळ्या बसला टेकून उभे. उंच चौकटीत बरोब्बर बसला.

“अगं, पण बाबा अजून आहेत ना,” मी समितीपुढे मुद्दा मांडला.

“आहेत रे. पण फोटो बघ ना किती गोड आलाय,” मार्लिस म्हणाली. “आणि टेबलावर कुठे लिहिलंय सगळे गेलेत म्हणून?”

“लिहिलंय. तूच लिहून घेतलंस. ‘आज वरून आपल्याकडे पाहणाऱ्या लाडक्या माणसांसाठी.’”

“मग बाबांची खोली दुसऱ्या मजल्यावरच आहे की,” व्हर्ना म्हणाली.

ठराव तीन विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. तिसरं मत माझं.

वडील एक्याण्णव वर्षांचे. चाळीस वर्षं त्यांनी शाळेची बस चालवली. आता गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात चाकाच्या खुर्चीत असतात. ब्रिटा लहानपणी त्यांच्या बसमध्ये बरोबर त्यांच्या मागच्या सीटवर बसायची आणि त्यांच्या डब्यातला लोणी लावलेला पाव खायची. लग्नात हाताने केलेल्या वस्तू लागणार आहेत, हे त्यांच्या कानावर गेलं आणि त्यांनी ते अक्षरशः खरं धरलं. वृद्धाश्रमात रहिवाशांच्या हातात चाकू, पटाशी, करवत द्यायची नाही असा नियम आहे. सँडपेपर मात्र चालतो. वडिलांनी बर्चचा एक तुकडा मिळवला आणि नुसता घासून घासून सात महिन्यांत त्याची लोणी लावायची सुरी केली. थरथरत्या हाताने घासलं की पातं फार सुरेख वळतं, हे मला तेव्हा कळलं.

“भेटींच्या टेबलावर ठेवू या,” मार्लिस म्हणाली.

“नको. मी तिच्या हातात देणार,” वडील म्हणाले. “चार मिनिटं पुरेत मला.”

समितीने तशी नोंद घेतली. ‘आजोबा, चार मिनिटं’ हे फोटोंच्या वेळापत्रकात रीतसर बसवलं: पाच चाळीस ते पाच चव्वेचाळीस.

वृद्धाश्रमाची व्हॅन त्यांना न्यायला साडेपाचला येणार होती.

ही विसंगती माझ्या लक्षात लग्नाच्या दोन दिवस आधी आली आणि मी ताबडतोब पाठपुरावा केला. फोटोग्राफर म्हणाला, पाच चाळीसचा उजेड म्हाताऱ्या चेहऱ्यांना मानवतो, त्याआधीचा उजेड वाया घालवता येणार नाही. वृद्धाश्रम म्हणाला, खुर्ची चढवणारी व्हॅन एकच आहे आणि तिला पुढची फेरी आहे. दोन्ही बाजूंचं म्हणणं रास्त होतं, त्यामुळे काही करण्यासारखं उरलं नाही.

लग्न तळ्याजवळच्या एका जुन्या कोठारात सव्वाचारला लागलं. वधूवर मागच्या दाराने थेट तळ्याकडे गेले आणि एकशे बारा पाहुणे कोठाराच्या अंगणात आले. चाकाची खुर्ची टेकेल अशी सपाट जमीन फक्त आठवणींच्या टेबलापाशी होती. वडील करड्या सुटात, कोटाच्या खिशात रुमालात गुंडाळलेली सुरी घेऊन, स्वतःच्या फोटोशेजारी बसले. मेणबत्ती चांगली पेटली होती.

आमच्या जिल्ह्यात समोरच्याला अवघडल्यासारखं होईल असं काही बोलत नाहीत. याबाबतीत त्या दिवशी आमच्या लोकांनी जी उंची गाठली, तिला तोड नाही. माझा चुलतभाऊ लाइल आला. त्याने फोटोकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं.

“हवा बरी आहे आज,” तो म्हणाला.

“वाईट नाही,” वडील म्हणाले.

वराकडच्या एका बाईंनी त्यांचा हात हातात घेतला. “तुमचे भाऊ का हो? अगदी तुमच्यासारखे दिसायचे.”

“हो, बरेचसे,” वडील म्हणाले.

माझ्या अंदाजाने एकतीस जणांच्या ते लक्षात आलं. त्याबद्दल बोललेले: शून्य. चौघांनी मात्र टेबलाची मांडणी फार सुंदर आहे असं आवर्जून सांगितलं.

तळ्याकाठचे फोटो आम्हाला अंगणातून दिसत होते. चुंबन आठ मिनिटं. अंगठ्या चार. वॉफल बावीस, कारण तो कॅमेऱ्याकडे बघायला तयार नव्हता. मग नुसते बूट, मग दोघं पाठमोरे चालत जाताना, मग तेच दोघं परत येताना. एकदा फोटोग्राफरने सांगितलं म्हणून ब्रिटाने आमच्या दिशेने हात हलवला. एकशे बारा जणांनी ग्लास उंचावले. वडिलांनीही हात वर केला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

“डेल, येतेय का रे ती?” त्यांनी विचारलं.

“येईलच एवढ्यात, बाबा.”

“मला ने ना तिकडे. ढकलत ने.”

मी अंतर मोजलं. दोनशे पावलं, सगळं गवत. “फोटोच्या मध्ये येऊ आपण, बाबा.”

“मग राहू दे,” ते म्हणाले. “कशाला उगाच.”

‘कशाला उगाच’ या दोन शब्दांवर आमचा अख्खा जिल्हा चालतो. रस्ते, चर्च, संसार, सगळं.

व्हॅन पाच अठ्ठावीसला आली. दोन मिनिटं लवकर. मला त्या वेळी खरोखर वाईट वाटलं. अशा वृत्तांतात हे यायला नको, पण वाटलं. ड्रायव्हर भला माणूस होता. ‘जरा थांबता का’ एवढंच विचारायचं होतं, तो नाही म्हणाला नसता. म्हणूनच विचारणं बरं दिसेना. शिवाय माझ्या हातात ट्रे होता.

वडिलांनी खिशातून रुमाल काढला, उलगडला आणि ती सुरी टेबलावर, स्वतःच्या चौकटीसमोर ठेवली.

“इथे ठेवतो,” ते म्हणाले. “इथे तरी तिची नजर जाईल.”

मग ते व्हॅनमध्ये चढवले गेले. खुर्ची उचलणाऱ्या यंत्राचा आवाज फार होतो, पण तोवर संगीत सुरू झालं होतं.

ब्रिटा आली पाच पन्नासला. सगळ्यांना मिठ्या मारत आठवणींच्या टेबलापाशी पोचली आणि थबकली. सुरी उचलून तिने पात्यावरून अंगठा फिरवला. तिचे डोळे भरून आले.

“मामा, हे कुणी केलं? अख्ख्या लग्नात ही एकच गोष्ट खरी हातची वाटतेय मला.”

आता इथे वाचक माझ्याकडे आशेने बघत असेल. पण परिस्थिती लक्षात घ्या. खरं सांगितलं असतं तर ती रडली असती, आणि पाच पंचावन्नला तिच्या डोळ्यांचा जवळून फोटो होता.

“समितीने,” मी म्हणालो.

ब्रिटाने तिथल्या तिथे व्हर्नाला मिठी मारली. व्हर्नाने ती नाकारली नाही, कारण तेही बरं दिसलं नसतं.

“आणि आजोबा कुठेत?” ब्रिटाने विचारलं.

समितीच्या तिन्ही सदस्यांनी, सवयीने, चौकटीकडे पाहिलं.

“गेले गं,” मार्लिस म्हणाली. “म्हणजे, व्हॅन लवकर आली.”

“अरेच्चा! बरं, रविवारी जाते मी त्यांना भेटायला.”

रविवारी सकाळी दोघांचं पोर्तुगालचं विमान होतं. हे तिला माहीत होतं, आम्हालाही होतं. सोमवारी मी वृद्धाश्रमात गेलो.

“आवडली का तिला?” वडिलांनी विचारलं.

“आवडली.”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, वाईट नाही.”

त्यांचा चेहरा उजळला. आमच्याकडे याच्यापुढे स्तुती जात नाही. आता ते दर रविवारी दाढी करून खिडकीपाशी बसतात, कारण ब्रिटा रविवारी येते म्हणाली आहे, आणि कोणत्या रविवारी ते विचारणं त्यांना प्रशस्त वाटत नाही. व्हर्नाकडे तशाच सुरीसाठी नऊ जणींनी नाव नोंदवलं आहे. चौकट मार्लिसने जपून ठेवली आहे. म्हणते, लागेलच.

हा सगळा वृत्तांत मी आमच्या साप्ताहिकात छापून आणला, काहीही न लपवता. त्यावर एक्केचाळीस पत्रं आली. अडतीस जणांनी विचारलं, की चकत्यांना मेण लावायचं की तेल. तिघांनी मेणबत्तीची उंची विचारली. त्यांना हसू नका. तुम्हीही मघाशी ते सहा आठवडे सावलीत वाळवण्याचं वाचताना क्षणभर थांबला होतात.

(मेण. दोन्ही बाजूंनी.)

असो. माझ्या वडिलांना चार मिनिटं हवी होती. तुम्ही, ज्यांचा त्यांच्याशी काडीचाही संबंध नाही, त्यांनी इथे त्यांच्याबरोबर चांगली दहा मिनिटं घालवलीत, हळहळलातसुद्धा, त्याबद्दल मी आमच्या कुटुंबातर्फे आभार मानतो. आता उठा. पलीकडच्या खोलीतून मघाशी तुम्हाला कुणीतरी हाक मारली होती, आणि तुम्ही म्हणाला होतात, “आलोच, एवढं वाचून होऊ दे.”