रंगनाथ वकिलाचा डावा हात

१९९४ साल. मी अडुसष्ट वर्षांचा होतो. त्या साली मी पहिल्यांदा बघितलं, की एक चांगला शहाणा माणूस काळा कोट घालून जाफराबादच्या भर रस्त्यात स्वतःच्याच दोन हातांचं भांडण लावून चालला आहे. उजवा हात वर केला की तो त्याचा पक्षकार. डावा वर केला की समोरची पार्टी. दोघंही मोठमोठ्यानं बोलायचे. लोक बाजूला सरून वाट द्यायचे.

पानटपरीवाला मला म्हणाला, "बाबा, घाबरू नका. रंगनाथ वकील हायेत. कोर्टात पोचायच्या आत निकाल लावतेत."

"जिंकतं कोण?"

"उजवा. दर टायमाला."

माझं नेमकं ह्याच माणसाकडं काम होतं. माझी नात सुनंदा औरंगाबादला वकिलीच्या कॉलेजात शिकायची. आमच्या घराण्यात आजवर कोर्टाची पायरी चढले ते एक तर आरोपी न्हाई तर साक्षीदार. ही पोरगी पहिल्यांदा तिसऱ्याच दारानं आत जाणार होती. पण कॉलेजवाल्यांनी सांगितलं होतं, परीक्षा झाली की सुट्टीत एखाद्या वकिलाच्या हाताखाली राहा, कोर्टाचं काम डोळ्यांनी बघा, त्याशिवाय वर्ष पुरं धरणार न्हाई.

तालुक्याच्या वकिलांनी तिला गोड बोलून वाटेला लावलं. कुणी म्हणालं जागा न्हाई, कुणी म्हणालं मुलीच्या जातीचं इथं काय काम. उरला रंगनाथ वकील. त्यानं उभ्या जन्मात हाताखाली माणूस ठेवला नव्हता.

मला माणूस कामाला लावायची एकच रीत ठाऊक. पाडव्याला सालगडी ठरवतात तशी. पाडवा नुकताच झालेला. नारळ घेतला, टॉवेल-टोपी घेतली, अन् नातीला घेऊन त्याच्या ऑफिसात गेलो.

"मुद्द्यावर या," मी खाली बसायच्या आधीच तो म्हणाला. हे त्याचं पालुपद. चहावाल्यालाही तो हेच म्हणायचा.

"पोरगी तुमच्याकडं सुट्टीपुरती ठेवायची. खाणं-पिणं आमचं. कामाला वाघीण आहे. सणावाराला घरी जाते म्हणणार न्हाई."

"आबा!" सुनंदा दात दाबून म्हणाली.

वकिलानं चष्मा वर केला अन् माझीच उलटतपासणी सुरू केली.

"शिक्षण?"

"पोरीचं?"

"तुमचं."

"दुसरी. तीबी मास्तर बदलून गेले म्हणून अर्धी."

"कोर्टात कधी आल्ता?"

"एकदा. जिंकलो."

"वकील कोण होता?"

"वकील समोरच्याला होता. मला म्या होतो."

त्याला हसू आलं, पण त्यानं ते फाईल तोंडापुढं धरून गिळलं. "मला माणूस नको. मी एकट्यानं काम करतो. नारळ घेऊन जा."

"दिलेला नारळ मी परत नेत न्हाई. अन् रस्ता सरकारचा आहे. तुमच्या मागं चालायला मनाई हुकूम आहे का?"

"न्हाई."

"मंग झालं."

दुसऱ्या दिवसापासून रोज पहिल्या यष्टीनं गावाहून यायचं, अन् त्याच्या घरापासून कोर्टापर्यंत आमची रांग. पुढं तो अन् त्याचे दोन हात, मागं पोरगी, तिच्या मागं मी. टपरीवाला ओरडायचा, "निघाली वरात!" मी त्याला काठी दाखवायचो. वकील एकदाही मागं वळून बघायचा न्हाई. पोरगी रडकुंडीला आली. म्हणाली, "आबा, सुट्टी संपून राह्यली. वर्ष जाणार माझं." मी म्हणालो, "जात न्हाई. चाल."

त्या दिवसांत दोन भावांच्या विहिरीचं भांडण चालू होतं. वकील धाकट्याकडून. एका सकाळी उजवा हात गरजला, "मोटार माझी, वायर माझी, पाणी माझं!" डावा हात कसाबसा म्हणाला, "पण मी थोरला आहे..." अन् गपकन खाली पडला.

"साहेब," सुनंदा मागून बोलली, "डावा हात मुद्दाम हरून राह्यलाय."

वकील रस्त्याच्या मधोमध थांबला. मागं सायकलवाला घंटी वाजवून थकला.

"मुद्द्यावर या."

"थोरला असं बोलणारच न्हाई. तो म्हणंल, मोटार तुझी आहे ना, काढून घेऊन जा. विहीर बापानं खोदली, ती दोघांची."

वकिलानं उजवा हात वर केला. हात नुसताच वर राहिला, बोलेना. मग त्यानं तो हळूच खाली घेतला.

"पुढं?" त्यानं विचारलं.

पोरगी बोलत सुटली. हा तोडायचा, ती पुन्हा जोडायची. कोर्टाच्या फाटकापर्यंत दोघांची खडाजंगी. मी तिथूनच मागं फिरलो अन् टपरीवाल्याला सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं सांगितलं, "आज डावा जिंकला! आमची नात आहे ती!"

संध्याकाळी वकिलानं मला एकट्याला आत बोलावलं.

"पोरीला ठेवतो. पण एक अट आहे."

"सांगा."

तो खिडकीबाहेर बघत बसला. आज त्यालाच मुद्द्यावर येता येईना.

"दुपारी तिनं माझ्या टेबलावर जेवायला बसायचं. जेवताना खटल्याचं बोलायचं न्हाई. गावाकडचं सांगायचं. म्हैस व्याली का, नदीला पाणी किती, कुणाकडं पाहुणे आले." त्यानं टेबलावरची टाचणी उगाच इकडची तिकडं केली. "माझं गाव आष्टीकडं. तिथं आता आमचं कुणी न्हाई. अन् इथं जो येतो तो भांडणच घेऊन येतो, बाबा. साधं काही कुणी सांगत न्हाई."

"बराबर," मी म्हणालो अन् उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या यष्टीच्या आधी मी आमच्या गावात चक्कर मारली. नदी बघून आलो. कुणाकडं पाहुणे उतरले, कुणाच्या लेकराला दात आला, कुणाची कोंबडी खुडूक बसली, सगळं दारोदार विचारलं, अन् पोरगी यष्टीत बसल्यावर खिडकीतून तिला एकेक करून सांगितलं. यष्टी हलली तेव्हा ध्यानात आलं, म्हशीचं राहिलंच. मंग धोतर वर धरून यष्टीमागं पळालो अन् ओरडून सांगितलं, की अजून व्याली न्हाई, पण कास भरून आली आहे.