वामनरावांचा सोपा कायदा

कराच्या कायद्याचं नवीन पुस्तक आलं की वामनराव ते वाचायच्या आधी तोलतात. केजमध्ये आमच्या दूध संस्थेच्या शेजारीच त्यांचं कर सल्लागाराचं ऑफिस आहे. गाव त्यांना वकीलसाहेब म्हणतं. मी संस्थेचा सेक्रेटरी, त्यामुळे काटा माझा. पुस्तक त्यावर ठेवून, चष्मा कपाळावर सारून ते आकडा वाचतात आणि पहिल्या पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवतात.

"सोपा केलाय म्हणत्यात," ते पुटपुटतात, "पर वजन काय उतरलेलं दिसंना."

'बघावं लागंल' हे त्यांचं पालुपद. चहा घेणार का विचारलं तरी तेच.

एकदा संस्थेच्या सभेत बाहेरगावचे एक साहेब नवी, सोपी करपद्धत समजावून सांगत होते. वामनराव मागच्या रांगेतून उठले. "साहेब, एकच शंका. सोपा म्हंजी भरायला सोपा, का कापायला?"

सभा हसली, साहेबही हसले. वामनराव मात्र उभेच राहिले. त्यांना खरोखर उत्तर हवं होतं.

दुसऱ्या दिवशी आमच्या शाळेतले एक गुरुजी खुशीत त्यांच्याकडे आले. रकाने कमी झाले, म्हणजे करही कमी झाला, असा त्यांचा अंदाज. वामनरावांनी जुन्या आणि नव्या, दोन्ही पद्धतींनी हिशेब मांडला. नव्यात कर जास्त बसत होता.

"रकाने गेले खरं, गुरुजी. पर तुमच्या घरकर्जाची अन् इम्याची सूट त्याच रकान्यांत होती."

समोरच्या औषध दुकानदाराला मात्र तीच नवी पद्धत स्वस्त पडली. "कुणाचा वाढला, कुणाचा घटला," वामनराव मला म्हणाले. "माझं काय सोपं झालं? आधी एक हिशेब करायचो, आता दोन करतो."

पुढच्या साली पाऊस झाला नाही. संस्थेत दूध इतकं घटलं की निम्मे कॅन पालथेच असायचे. सोजरबाई तेवढ्या न चुकता दोन लिटर घालायला यायच्या. त्यांचा नवरा ऊसतोडीचा मुकादम, हंगामातच वारला. कारखान्यानं त्याच्या बिलातून कापलेला कर परत मिळायचा होता, पण तो मेलेल्या माणसाच्या नावावर अडकलेला. मी बाईंना वामनरावांकडे नेलं.

"आधी कावून आला न्हाईत?" ते खेकसले.

"अवघड आसंल म्हनून, वकीलसाहेब."

"कशाचं अवघड? आता लई सोपं केलंय." असं म्हणून त्यांनी कागदांची यादी लिहून दिली. मृत्यूचा दाखला, वारसाचा दाखला, प्रतिज्ञापत्र, बँकेचं पासबुक. बाई यादी हातात धरून नुसत्या बघत राहिल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. वामनरावांनी हात पुढे करून यादी परत घेतली. "बघावं लागंल."

नंतर दोन महिने हा माणूस उन्हात छत्री धरून तहसीलच्या रांगेत उभा होता. फी घेतली नाही. मी विचारलं तर म्हणाले, "ती बी सोपी केलीय."

पैसे आले. बाईंनी वैरण घेतली. म्हैस व्याली तेव्हा त्या वामनरावांसाठी डब्यात खरवस घेऊन आल्या. मीही तिथंच बसलो होतो. वामनरावांनी एक वडी तोंडात टाकली.

"आमची मंडळी जायफळ घालायची," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "सेक्रेटरी, ती गेली, पर तुमच्या संस्थेत तिचा शेअर हाय अजून. माझ्या नावावर करायचा अर्ज मी तीन सालाखाली भरून ठिवलाय. एकच पान हाय. सही तेवढी करवंना."

सोजरबाईंनी डब्यातली दुसरी वडी काढून त्यांच्यापुढे ठेवली.

"मग ऱ्हाऊ द्या की," त्या म्हणाल्या. "कोन मागतंय?"