सागवानी बाकाचा जीर्णोद्धार

बिबवेवाडीतल्या एका गृहरचना संस्थेच्या आवारात एक सागवानी बाक होता आणि त्यावर माणसे बसत असत. इथपर्यंत सगळं सुरळीत होतं.

उन्हापावसाने बाक करडा पडला, लाकडाला कुसळं निघाली आणि एका संध्याकाळी कौशल्याबाईंची साडी त्यात अडकून टर्रकन फाटली. बाईंचे गुडघे असे, की लिफ्टपासून बाकापर्यंतच जेमतेम चालवायचं. "बाक नीट होईपर्यंत मी काही खाली येत नाही," त्यांनी यजमानांना, म्हणजे तात्यारावांना, बजावलं. चार भिंतींत बायको कोमेजू लागली, तसा तात्यारावांच्या जिवाला घोर लागला.

शेवटी पॉलिशपेपर आणि वाटीभर जवसाचं तेल घेऊन ते स्वतःच खाली उतरले. तोच सेक्रेटरी शुभंकर आडवा आला. खराडीच्या आयटीतला माणूस. प्रोसेस असल्याशिवाय शिंकायचासुद्धा नाही.

"काका, कॉमन प्रॉपर्टी आहे. अशी डायरेक्ट घासता येत नाही."

"मग इनडायरेक्ट कशी घासतात?"

"उपसमिती नेमू."

उपसमितीने बाकाची पाहणी केली. उभ्यानेच, कारण बसल्यास पक्षपात होण्याचा संभव होता. मग गाड्या धुण्याच्या पंपाने बाक धुण्यात आला. मळ गेला, त्याबरोबर लाकडाचा वरचा थरही गेला आणि कुसळं दुप्पट झाली. घ्या! ती घासून काढली, तर लाकूड उघडं पडलं. म्हणून पॉलिश केलं. पॉलिशला ऊन लागू नये म्हणून वर पत्रा घातला. पत्र्याखाली कबुतरांनी संसार थाटला, म्हणून बाकाला मापाचं प्लॅस्टिकचं कव्हर शिवलं. आणि कव्हर कुणी काढू नये म्हणून पाटी लागली: 'हा बाक सभासदांना बसण्यासाठी आहे. कृपया बसून तो खराब करू नये.'

पाटी वाचायला लोक थांबत. थांबून पाय दुखत. पण टेकायला जागा नव्हती.

"बस्स झाली यांची थेरं!" एक दिवस तात्याराव कडाडले. त्यांनी कौशल्याबाईंना हात धरून खाली आणलं, कव्हर ओढून बाजूला फेकलं आणि बाईंना बाकावर बसवलं.

"अगंबाई, काय छान वारं आहे हो!" कौशल्याबाई किती दिवसांनी अशा हसल्या! तात्यारावांना भरून आलं.

शुभंकर धावत आला. ओरडला मात्र नाही. हळूच म्हणाला, "काकू, बाक अगदी नवा झालाय. असा रोज वापरून कसं चालेल?"

तात्यारावांनी भांडायला बाह्या सरसावल्या. पण मागे कौशल्याबाई केव्हाच उठल्या होत्या.

"खरंच हो, पोरगा काही खोटं बोलत नाही. डाग पडला म्हणजे?" बसलेली जागा त्यांनी पदराने पुसून काढली आणि कव्हर उचललं. "बघत काय राहिलात? ते टोक धरा."

तात्यारावांनी निमूटपणे टोक धरलं.

हसलात ना? खुशाल हसा. फक्त त्याआधी घरातल्या टीव्हीच्या रिमोटवरचं प्लॅस्टिक तेवढं काढून या.