व्हेत्तियाबाईंचा हार

मला वाटलं होतं, हातात मणी घेताच आमच्या गावच्या बायकांच्या अंगात दोन हजार वर्षांपूर्वीची रोमन बाई जागी होईल. जागी झाली ती फक्त अद्दोलोरातामावशी, आणि तीही दुपारची झोप मोडली म्हणून चिडून.

एडिनबराला पुरातत्त्व शिकून मी परतले ती गावच्या बायकांना त्यांचा वारसा परत द्यायला. (त्यांनी मागितला नव्हता. पण वारसा काय मागून मिळतो?) आमच्या चर्चच्या भिंतीत व्हेत्तिया नावाच्या रोमन बाईच्या थडग्याचा दगड आहे. त्यावर कोरलेल्या तिच्या गळ्यात रेघारेघांच्या मण्यांचा सुरेख हार. तसेच हार बायकांकडून करवायचे, ही माझी कार्यशाळा. रविवारी संग्रहालयाच्या संचालिका ते बघायला येणार होत्या. आवडले तर कार्यशाळेला नगरपालिकेचा हॉल. नाही आवडले तर मी परत एडिनबराला, सँडविचच्या दुकानात.

तोवर कार्यशाळा आमच्या स्वयंपाकघरात.

"ही बाई मेली कशानं?" मावशीनं विचारलं.

"ते माहीत नाही, मावशी."

"म्हणजे कशानं मेली तेही माहीत नाही, आणि तिचा हार आम्ही घालायचा?"

सगळ्या बायकांनी अपशकुन टळावा म्हणून चटकन खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावला. (मीही लावला. विद्यापीठ विद्यापीठाच्या जागी.)

मग माझ्या मातीचे मणी वाळताना तडकले.

"या मातीत दम नाही," मावशी आईला म्हणाली. "इम्माकोलाता, रवा काढ."

प्राचीन तंत्रावरचं माझं भाषण संपेपर्यंत बायकांनी रवा मळला, माकूळ माशाची काळी शाई घालून काळा केला, आणि पास्त्याच्या खाचांच्या फळीवरून एकेक गोळी अंगठ्यानं सरकवली. मणी हुबेहूब व्हेत्तियाचे! आम्ही ते सुती दोऱ्यात ओवून परातीत वाळत ठेवले.

रविवारी संचालिकाबाई आल्या त्या ऐन जेवणाच्या वेळी, ड्रायव्हरसकट. मी त्यांना आधी चर्चमधला दगड दाखवून आणला. परतलो तर टेबल मांडलेलं, आणि परात रिकामी.

"आई, हार कुठायत?"

"ताटात."

"काय?"

"दोन माणसं वाढली, पास्ता पुरेना. तुझी व्हेत्तिया दोन हजार वर्षं थांबलीय. पाहुणी थांबेल का?"

पाहुणी शिंपल्यांबरोबर हार चापत होती. मध्येच थबकली. दोन बोटं तोंडात घालून तिनं एक दोरा ओढायला सुरुवात केली. तो येतच राहिला.

"दोरे काढले नाहीस?" मी आईच्या कानात किंचाळले.

"काढले गं! एखादा राहिला असेल."

बाईंनी दोरा ताटाच्या कडेला ठेवला, तोंड पुसलं. "छान. आता हार दाखव."

उत्तर मावशीनं दिलं.

"आता कसे दाखवणार, बाई? तुम्हीच दुसऱ्यांदा वाढून घेतलेत."

बाई हसल्या नाहीत. पावाच्या तुकड्यानं ताट लख्ख पुसून उठल्या. "हार बघितल्याशिवाय हॉल देता येत नाही. पुढच्या रविवारी परत येते." दारात थांबून म्हणाल्या, "याच वेळी. आमचे हेही येतील."

मी जेवले नाही. (उरलंच नव्हतं.)

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉफीचा कप टेबलावर आपटून निर्णय जाहीर केला : आता मणी काचेचेच!

आई काळजीत पडली. "काचेचे? मग ती बिचारी खाणार काय?"