सहाशे मोती, सहाशे मणी

पार्सल ऑफिसात वजनकाट्यावर बसणाऱ्या कारकुनाने (सगळ्या ऑफिसचा भार आपल्यावरच आहे, हे त्याचं प्रामाणिक मत) रजेच्या दिवशी बायकोला मदत करायचं ठरवलं, तिथेच सगळं बिघडलं.

बायको शिवणकाम करायची. सहा वाजता गिऱ्हाईक जो झगा न्यायला येणार होतं, त्याच्या घेराला एक मोती, एक निळा मणी अशी ओळ लावायची होती.

"अहो, दोन्ही सहाशे-सहाशे मोजून देता?"

"मोजायचे कशाला? तोलून देतो!"

दहा मोती भरले दोन ग्रॅम. म्हणजे सहाशेचे एकशे वीस. मग त्याने निळे मणीही काटेकोर एकशे वीस ग्रॅम तोलले आणि उरलेले उत्साहाच्या भरात दुकानदाराला परत करून आला.

घरी मुलगी केमिस्ट्रीच्या पुस्तकावर रडकुंडीला आलेली. उद्या पेपर आणि 'मोल' काही डोक्यात शिरत नव्हता.

"बाबा, एक मोल म्हणजे बारा ग्रॅम कार्बन किंवा बत्तीस ग्रॅम गंधक, तरी कणांची संख्या सारखीच? असं कसं?"

"छापताना चुकलं असेल," बाबा म्हणाले.

साडेचारला आतून हाक आली. "अहो, दहा-बाराच मणी उरलेत! अर्धा घेरसुद्धा झाला नाही!"

"तू दोन-दोन लावलेस."

"वीस वर्षं शिवतेय मी!"

मुलीने एका तळहातावर मोती घेतला, दुसऱ्यावर मणी. "बाबा, हा काचेचा आहे. केवढा जड! असे दहा मणी तोलून बघा."

पाच ग्रॅम भरले.

"म्हणजे तुम्ही दोनशे चाळीसच दिलेत! सहाशेला तीनशे ग्रॅम लागतील. एकेक कण जड, म्हणून वजन जास्त, संख्या तीच... अय्या! आई, मला मोल कळला!"

आईच्या ओठांत सुई होती, म्हणून बाबा थोडक्यात वाचले.

ते धावत दुकानात गेले. "मघाचेच मणी. एकशे ऐंशी ग्रॅम."

"मघाशी जास्त झाले होते ना?" दुकानदार म्हणाला.

मग मायलेकी टाके घालत बसल्या. सहाला गिऱ्हाईक आलं, तेव्हा बाबांनी दारातच त्या बाईंना वीस मिनिटं पार्सलांची वजनं ऐकवली. शेवटचा मणी लागला. झगा सुंदर झाला होता.

मुलीला पेपरात चांगले मार्क पडले. उत्तरात तिने 'एका गृहस्थांची' ही हकिकत लिहिली होती. बायकोने केमिस्ट्रीच्या बाईंचा शेरा मोठ्याने वाचला, दोनदा:

"उदाहरण छान, पण पटत नाही. कोणताही मोठा माणूस इतकी ढोबळ चूक करणार नाही."