घायपातीची बॉर्डर

कोरड्या, डोंगराळ हवामानात बागेच्या कडेला कोणती झाडं लावावीत, हे अख्ख्या लातुरात सगळ्यात जास्त मला कळतं, असं माझं मत होतं. दुसऱ्या कुणाचं मत मी विचारलं नव्हतं. गरजच वाटली नाही. मी ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवतो. लातूर बालाघाटाच्या पठारावर वसलेलं आहे, हे मी मुलांना दरवर्षी सांगतो आणि मुलं ते दरवर्षी पेपरात न लिहिता येतात. तेव्हा हवामान, माती आणि पर्जन्यछाया या विषयांत मला कुणी शिकवावं, अशी परिस्थिती नव्हती.

आमचं घर औसा रोडला, गाव संपल्यावर जो माळ लागतो त्यावर. आता त्याला वसाहत म्हणतात. मातीच्या नावाखाली तिथं मुरूम आहे. कुदळ मारली की ठिणगी उडते. घर बांधताना मी बोअर घेतलं, तर त्यातून दिवसभर पांढरा फुफाटा निघाला आणि गाडीवाला 'पुढच्या वेळी लागेल' म्हणून निघून गेला. शेजारच्या शरदरावांच्या बोअरला मात्र पाणी लागलं. त्या भल्या माणसानं मी न मागता एक पाइप माझ्या टाकीपर्यंत आणून दिला. ज्या गावाला एका उन्हाळ्यात आगगाडीनं पाणी आणावं लागलं, तिथं शेजाऱ्याला बोअरचं पाणी देणं म्हणजे जवळपास मूत्रपिंड देण्यासारखंच.

शरदचंद्र हे त्यांचं पूर्ण नाव. ते एका कॉलेजातून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाले. सगळं आयुष्य 'हळू बोला' सांगण्यात गेल्यामुळे घरी दूध उतू जात असलं तरी ते कुजबुजतच सांगतात. अंगानं इतके बारीक की वारा सुटला की मालविकाताई, म्हणजे त्यांच्या मिसेस, त्यांना आत बोलावून घेतात. आमच्या दोन घरांमध्ये आम्ही भिंत घातली नव्हती. आपण काय परके आहोत, असं दोघांनीही म्हटलं होतं. संध्याकाळी शरदराव सरळ चालत यायचे आणि आमच्या ओट्यावर बसून चहा घ्यायचे.

असं सगळं छान चाललेलं असताना मी एक व्हिडिओ पाहिला. परदेशातल्या कुठल्याशा डोंगरगावातल्या एक बाई सांगत होत्या की कोरड्या हवामानात बागेला शोभा येते ती बॉर्डरनं. बॉर्डर नसलेली बाग म्हणजे चौकट नसलेलं चित्र. मला हे एकदम पटलं. मी लगेच पुनमला, म्हणजे बायकोला, आपण बॉर्डर करतोय असं सांगितलं. ती म्हणाली, आधी बाग तरी करा. आमच्या अंगणात तेव्हा एक अर्धवट वाळलेला कढीपत्ता होता. पण दूरदृष्टी नसलेल्या माणसांशी मी वाद घालत नाही.

नर्सरी नागप्पाची. तो निलंग्याकडचा, निम्मं मराठी आणि निम्मं कानडी बोलतो आणि दोन्ही भाषांत फक्त होकार देतो. मी लॅव्हेंडर मागितलं, तर त्यानं मला जांभळ्या फुलांचं कुठलंतरी झुडूप दाखवून 'हेच ते' म्हणून सांगितलं. रोझमेरी मागितली, तर तेच झुडूप दुसऱ्या कुंडीतलं दाखवलं. मी म्हटलं, मला पाणी कमी लागणारं, शेळ्या न खाणारं, पठारावर टिकणारं झाड हवंय. तेव्हा त्यानं कोपऱ्यातल्या घायपाती दाखवल्या. हिरवीगार पानं, कडेनं पिवळी किनार, दोन्ही बाजूंनी करवतीसारखे दात आणि टोकाला दाभण. "नीरू बेडा, सर," तो म्हणाला. पाणी नको. मला व्हिडिओतल्या बाईंच्या बागेत अगदी अशीच झाडं दिसल्याचं आठवलं. मी टेम्पो भरला.

रविवारी सकाळी मी कॉलेजच्या मैदानावर मारतात ती पांढरी फक्की आणून दोन घरांच्या मधोमध एक झकास सरळ रेघ ओढली आणि रेघेवर घायपाती लावायला बसलो. शरदराव फिरून परत आले ते नेमके त्याच वेळी. ते रेघेपाशी थांबले.

"सर, हे काय चाललंय?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

मी खड्ड्यातून मान वर न काढता म्हणालो, "बॉर्डर, शरदराव. आता पक्की करून टाकतो."

"आपल्या मधून?"

"मधूनच तर पाहिजे. खरं म्हणजे आधीच करायला हवी होती. फार उघडंबोडकं वाटत होतं."

त्यांनी वाकून एक पान पाहिलं. मग म्हणाले, "आणि काटे?"

"काटे पाहिजेतच. येणाऱ्या-जाणाऱ्यानं तोंड घालायला नको."

मी शेळ्यांबद्दल बोलत होतो. हे मी बोललो असतो तर बरं झालं असतं, पण मला वाटलं समोरचा माणूस सुशिक्षित आहे. ते वळले आणि लांबचा वळसा घालून, रस्त्यावरून आपल्या घरात गेले. मला वाटलं, झाडांना धक्का लागू नये म्हणून. माणूस किती समजूतदार, असंही मनात आलं.

त्या संध्याकाळी ते चहाला आले नाहीत. मालविकाताईंच्या घरी रविवारी धपाटे होतात आणि त्यातले दोन आमच्याकडे येतात, तेही आले नाहीत. पुनमनं मला दोनदा विचारलं की तुम्ही त्यांना काही बोललात का. मी म्हणालो, बागेबद्दल बोललो, ते प्रभावित झालेले दिसले.

सोमवारी सकाळी नळ कोरडा. मी बाहेर जाऊन पाहिलं तर आमच्याकडे येणाऱ्या पाइपाच्या व्हॉल्व्हला कुलूप. छोटंसं, पितळेचं, ग्रंथालयाच्या कपाटाला असतं तसं. आता मात्र मला राग आला. आपण एवढा खटाटोप करून दोन घरांची शोभा वाढवतोय आणि याला जळफळाट. मी निश्चय केला की आपण होऊन बोलायला जायचं नाही. तत्त्वाचा प्रश्न होता. अंघोळ न करता कॉलेजला गेलो आणि दिवसभर पर्जन्यछायेचा प्रदेश शिकवला.

मी घरी नसताना पुनमनं माहेरी फोन केला. तिचे वडील शेषेराव जळकोटकडचे शेतकरी. त्यांचा चुलत भावाशी बांधावरून गेली कित्येक वर्षं वाद चालू आहे आणि बांध या विषयावर त्यांना झोपेतून उठवलं तरी ते तासभर बोलू शकतात. पुनमनं त्यांना एवढंच सांगितलं की हे दोन दिवसांपासून बॉर्डरचंच घेऊन बसलेत, शेजारच्या बाजूनं काटे लावून राहिलेत आणि शेजाऱ्यानं पाणी तोडलं. पुढचं तिला सांगावंच लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात पिकअप उभी राहिली. आधी शेषेराव उतरले. मग भावकीतली चार आडदांड माणसं. मग लोखंडी पहारी, मोठा टेप आणि हद्दीला रोवायचे दगडी खांब. चहासुद्धा न घेता सासऱ्यांनी मला बाजूला ओढलं.

"जावईबापू, कितीक घुसलाय त्यो?"

मी म्हणालो, कोण? कुठे?

"आता भिऊ नका. आमी हाव," असं म्हणून त्यांनी घायपातीच्या रांगेकडे फार कौतुकानं पाहिलं. "काम मातर बेस केलंव. आमच्या बांधाला बी हेच लावायचं म्हणून राहिलो मी."

मला तेव्हा पहिल्यांदा शंका आली की बागकामाविषयी माझं आणि माझ्या माणसांचं एकमत नाही. पण ते सांगायला वेळच मिळाला नाही, कारण तेवढ्यात शरदराव बाहेर आले. अंगात स्वेटर, हातात फिरायला जायची काठी. चार माणसं पहारी घेऊन उभी होती आणि हे एकटे चालत थेट फक्कीच्या रेघेपर्यंत आले. ते काहीतरी म्हणाले.

"काय म्हणला?" शेषेराव गरजले.

शरदराव पुन्हा तेच म्हणाले. पुन्हा कुणालाच ऐकू आलं नाही. शेवटी खिडकीतून मालविकाताई ओरडल्या, "ते म्हणतात, मोजा!"

मग मोजणी झाली. नकाशावाचन मी स्वतः शिकवतो, त्यामुळे टेपचं एक टोक माझ्याकडे देण्यात आलं. ते मी चुकीच्या दगडावर धरलं, हे भावकीतल्या एकानं लक्षात आणून दिलं. लेआउटच्या कोपऱ्यातल्या खुणेच्या दगडापासून शेषेरावांनी एकदा मोजलं. मग परत मोजलं. मग काही फरक पडतो का म्हणून उलट्या बाजूनं मोजलं. प्रत्येक वेळी त्यांचा चेहरा जरा जास्त उतरत गेला. शेवटी टेप गुंडाळून ते माझ्याजवळ आले आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलले.

"त्यो न्हाई घुसला, बापू. तुमीच घुसलाव."

माझा ओटा, ज्याला मी खास शहाबादी फरशी बसवून घेतली होती, तो चांगला दीड हात शरदरावांच्या जागेत होता. बांधताना मिस्त्रीनं दोरी कुठून धरली होती देव जाणे. मी त्या वेळी त्याच्या शेजारीच उभा राहून दिशा समजावून सांगत होतो, एवढं मला आठवतंय. भावकीतली माणसं काहीतरी फोडायच्या तयारीनं आली होती. ती आता माझ्या ओट्याकडे पाहू लागली. एकानं तर पहारीच्या टोकानं फरशी वाजवूनही बघितली.

ओटा जाईल, पाणी तर गेलंच आहे, आणि हा माणूसही गेला, असं वाटलं. खरं सांगायचं तर तिसऱ्या गोष्टीचं सगळ्यात वाईट वाटलं. मी शरदरावांकडे गेलो आणि म्हणालो की ओटा मी पाडून घेतो, मला खरंच माहीत नव्हतं.

शरदरावांनी ओट्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"राहू द्या," ते म्हणाले. "तसं तिथं मीच तर बसतो."

शेषेराव डोक्यावरची टोपी काढून उगीच झटकू लागले. मग शरदरावांनीच विचारलं, "पण सर, एवढं तोडायचं काय कारण झालं? मालविका म्हणते, घर विकून राहिले असतील."

"तोडायचं? मी फक्त बॉर्डर करत होतो."

"तेच म्हणतोय मी."

"तशी बॉर्डर नाही हो. बागेची. शोभेची झाडं लावतात ना कडेनं, ती."

ते थक्क होऊन घायपातीकडे पाहू लागले. पिवळ्या किनारीच्या पानांचे दाभण उन्हात चमकत होते. "शोभेची," ते म्हणाले. मग खिशातून किल्ली काढली आणि जाऊन कुलूप उघडलं. टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला तेव्हा पुनम दारात उभी राहून पदरानं डोळे पुसत होती. वडिलांशी ती दिवसभर बोलली नाही. शेषेराव त्या दिवशी जेवले मालविकाताईंकडे. जेवताना त्यांनी आणि शरदरावांनी माझ्याविषयी काय चर्चा केली, ते मला कुणी सांगितलं नाही. फक्त हसण्याचा आवाज येत होता, आणि त्यात शरदरावांचाही आवाज होता.

घायपाती काढायचं काम माझ्याकडे आलं. भावकी मदत करायला तयार होती, पण मला माझी थोडीतरी इज्जत वाचवायची होती. पहिल्या झाडानं तळहात फाडला. दुसऱ्याचा दाभण भुवईच्या वर घुसला. तिसऱ्याच्या पानांचा चीक हातांना लागला, तो मी घाम पुसताना चेहऱ्याला लावून घेतला आणि संध्याकाळपर्यंत अर्धा चेहरा लाल होऊन सुजला. डॉक्टरांनी भुवईला टाका घातला, हाताला बँडेज केलं आणि काय झालं ते विचारलं. मी म्हणालो, बागकाम. ते म्हणाले, सगळे असंच म्हणतात.

दुसऱ्या दिवशी मी स्टाफरूममध्ये शिरलो आणि सगळे एकदम गप्प झाले. वसाहतीतल्या कुणीतरी पिकअप, पहारी आणि मोजणी पाहिली होती. माझा चेहरा पाहून उरलेलं त्यांनी स्वतःच जोडलं. विज्ञानाच्या मॅडमनी हळूच विचारलं की शेजाऱ्यानं खरंच एकट्यानं मारलं का, तेही सासुरवाडीची माणसं समोर असताना. मी तोंड उघडलं होतं. पण 'मला शोभेच्या झाडानं मारलं' हे वाक्य काही बाहेर पडेना. मी नुसती मान हलवली. ती कशीही घेता आली असती. त्यांनी एकाच प्रकारे घेतली.

आठवडाभरात ही बातमी औसा रोडभर झाली. आता शरदराव फिरायला निघाले की टपरीवरची टवाळ पोरं बाकड्यावरचे पाय खाली घेतात. वसाहतीच्या मीटिंगमध्ये ते काही कुजबुजले की सगळे श्वास रोखून ऐकतात आणि लगेच ठराव मंजूर होतो. पाण्याचा टँकरवाला त्यांना 'साहेब' म्हणून सलाम करतो, आणि त्यांना टँकर लागतसुद्धा नाही. त्यांची चालही बदलली आहे. वारा सुटला तरी मालविकाताई त्यांना आत बोलावत नाहीत.

परवा ओट्यावर चहा पिताना मी शेवटी न राहवून विचारलंच. म्हटलं, "शरदराव, तुम्ही मला मारलेलं नाही, हे लोकांना सांगत का नाही?"

त्यांनी बशीतला चहा संपवला, बशी खाली ठेवली आणि कुजबुजत म्हणाले, "कुणी विचारलंच नाही, सर. आणि तुम्ही तरी कुठं सांगितलंत?"